भाड्याची लायब्ररी

भारतातून कुणी पाहुणे आले की त्यांना नेपरव्हिलमध्ये दाखवायचं काय, हा इथल्या मराठी घरांतला कायमचा प्रश्न. उंच इमारती आणि सरोवर बघायला शिकागो आहे, तिथं एक दिवस जातो. मग उरते ड्यूपेज नदीकाठची फिरायची वाट, आणि तिच्या जवळचं निकोल्स ग्रंथालय. आई-बाबांच्या पिढीला हे ग्रंथालय हमखास आवडतं. आत जा, बसा, वाचा, थंडीतून ऊब घ्या. कुणी हटकत नाही. आमच्या गावात सार्वजनिक ग्रंथालयाच्या अशा तीन इमारती आहेत.

या ग्रंथालयाची जन्मकथा गमतीची आहे. जेम्स निकोल्स हा गावातल्याच कॉलेजात शिकवणारा माणूस, आणि धंद्यानं चक्क प्रकाशक. त्यानं मृत्युपत्रात गावाच्या ग्रंथालयासाठी १०,००० डॉलर ठेवले आणि १८९८ साली ग्रंथालय उघडलं. त्याच साली आपल्याकडे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर त्याच्याही आधी, १८९३ मध्ये. म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकेच्या मागे वगैरे अजिबात नव्हतो.

या सगळ्या ग्रंथालयांमागचा हिशेब एकच आणि अगदी सरळ. पुस्तक एकदा विकत घ्यायचं. मग ते शंभर जणांनी वाचो नाहीतर हजार जणांनी, प्रकाशकाला पुन्हा पैसे द्यायचे नाहीत. फाटलं तर बांधून घ्यायचं. प्रकाशक उद्या बुडाला तरी कपाट आपलं आणि कपाटाची किल्लीही आपली.

माझं म्हणणं असं आहे की विज्ञानाच्या बाबतीत हा हिशेब गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मोडला गेला. शोधनिबंध महाग झाले ही तक्रार आता जुनी झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रंथालय मालकाचं भाडेकरू झालं, आणि घरमालक उरले चार-पाच. आणि हे मी मराठीत, भारतातल्या वाचकांसाठी का लिहितोय, तर आपल्या देशानं नुकताच यातला फार मोठा भाडेकरार केलाय म्हणून.

पण आधी हा धंदा चालतो कसा ते सांगतो, कारण संशोधनाशी संबंध नसलेल्या माणसाला ते खरं वाटत नाही. मी काम करतो धातूंच्या गंजण्यावर. समजा मी वर्षभर खपून एक निबंध लिहिला. त्या कामाचे पैसे सरकारनं किंवा कंपनीनं दिले. निबंध मी शोधपत्रिकेकडे पाठवला. पत्रिका मला एक पैसा देत नाही. निबंध बरोबर आहे का हे तपासायला तो दोन-तीन तज्ज्ञांकडे जातो, तेही फुकट तपासतात. मीही दुसऱ्यांचे असेच फुकट तपासून देतो. मग प्रकाशक तो छापतो, म्हणजे हल्ली संकेतस्थळावर ठेवतो, आणि ज्या विद्यापीठात तो लिहिला गेला त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी लावून विकतो. दूध गावकऱ्यांचं, मोजणारे गावकरी, आणि संध्याकाळी तेच दूध गावकऱ्यांनाच विकत, असा हा प्रकार.

बरं, बाजारात टोमॅटो महागले तर आपण वांगी घेतो. इथं तशी सोय नाही. मला क्लोराइडमुळे पोलादाला पडणाऱ्या खड्ड्यांबद्दलचा एक विशिष्ट निबंध हवा असेल, तर त्याच्याऐवजी दुसऱ्या पत्रिकेतला स्वस्त निबंध चालत नाही. प्रत्येक निबंध एकमेव. म्हणजे प्रत्येक प्रकाशकाची आपापल्या पत्रिकांपुरती मक्तेदारी मुळातच असते. अशा छोट्या छोट्या मक्तेदाऱ्या एकाच्या हातात गोळा होत गेल्या तर काय होईल ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आणि त्या गोळा होत गेल्या. आमच्या क्षेत्रातली 'करोजन सायन्स' ही पत्रिका घ्या. ती १९६१ मध्ये रॉबर्ट मॅक्सवेलच्या पर्गमॉन प्रेसनं सुरू केली. १९९१ मध्ये एल्सव्हियरनं ४४ कोटी पौंडांना अख्खं पर्गमॉन विकत घेतलं. १९९३ मध्ये एल्सव्हियर आणि रीड एकत्र आले. २००१ मध्ये हार्कोर्ट, आणि त्याच्या पोटातलं अ‍ॅकॅडेमिक प्रेस, त्यांच्याकडे आलं. २००४ मध्ये श्प्रिंगर आणि क्लूवर एक झाले. २००७ मध्ये वायलीनं ब्लॅकवेल घेतलं. २०१५ मध्ये श्प्रिंगर आणि 'नेचर'वाले एकत्र आले. त्याच २०१५ साली माँट्रियलमधल्या संशोधकांनी मोजणी करून दाखवलं की २०१३ साली जगात प्रसिद्ध झालेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त पाच मोठ्या प्रकाशकांकडे होते. १९७३ मध्ये हाच वाटा साधारण एक पंचमांश होता.

या धंद्यात पैसा किती? एल्सव्हियरच्या विज्ञान विभागानं २०१० साली सुमारे २ अब्ज पौंडांच्या विक्रीवर ७२ कोटी पौंडांच्या वर नफा कमावला. म्हणजे शंभरातले छत्तीस. मी ज्या उद्योगात काम करतो तिथं शंभरात दहा सुटले तरी साहेब खुशीत असतात.

आता थाळीची गोष्ट. प्रकाशक लहान होते तेव्हा ग्रंथपाल एकेक पत्रिका निवडत असे. ही घेऊ, ती नको, अमुक प्राध्यापक निवृत्त झाले तर तमुक बंद करू. १९९६ मध्ये अ‍ॅकॅडेमिक प्रेसनं सगळ्या पत्रिका एका गठ्ठ्यात देण्याची पद्धत आणली आणि पुढे सगळ्या मोठ्यांनी ती उचलली. इकडे तिला 'बिग डील' म्हणतात. आपल्या केबलवाल्याच्या पॅकेजसारखंच समजा. तुम्हाला हवेत बातम्या आणि क्रिकेट, पण घ्यावे लागतात दीडशे चॅनल. सुरुवातीला सगळ्यांना आनंद झाला. थोडे जास्त पैसे देऊन शेकडो पत्रिका! पण थाळीतली एक वाटी परत करता येत नाही, आणि थाळीचा दर दरवर्षी वाढतो. तो भरायला पैसे कमी पडले की कात्री लागते ती लहान प्रकाशकांना, आणि पुस्तकांच्या खरेदीला. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठातले ग्रंथालयप्रमुख केनेथ फ्रेझियर यांनी २००१ सालीच लेख लिहून हा इशारा दिला होता.

शिवाय थाळीचा दर कुणाला सांगायचा नाही अशी अट. काही अर्थतज्ज्ञांनी माहिती अधिकारासारख्या कायद्यांचा आधार घेऊन सरकारी विद्यापीठांकडून हे करार बाहेर काढले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. २००९ साली एल्सव्हियरच्या गठ्ठ्यासाठी मिशिगन विद्यापीठ २१ लाख ६० हजार डॉलर देत होतं आणि विस्कॉन्सिन १२ लाख २० हजार! दोन्ही मोठी, नावाजलेली, शेजारच्या राज्यांतली विद्यापीठं. भाव ज्याच्या त्याच्या कानात सांगितला की असंच होणार. मंडईत निदान शेजारच्या गिऱ्हाईकाला काय भाव लावला हे ऐकू तरी येतं.

इथपर्यंत पैशांची गोष्ट झाली. आता मालकीची.

इथं शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांच्या बॅगेत लोणचं, चटण्या आणि भारतीय आवृत्तीची स्वस्त पाठ्यपुस्तकं असतात, हे काही गुपित नाही. सुपाप किर्टसेंग नावाच्या एका थाई विद्यार्थ्यानं हेच जरा मोठ्या प्रमाणावर केलं. घरच्यांकडून आशियाई आवृत्त्या मागवायच्या आणि इथं इंटरनेटवर विकायच्या. वायलीनं त्याच्यावर खटला भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी किर्टसेंग जिंकला. पुस्तक एकदा कायदेशीर विकत घेतलं की ते विकायचं, द्यायचं, उसनं द्यायचं हा घेणाऱ्याचा हक्क, मग ते छापलेलं कुठलंही असो. या खटल्यात अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटना किर्टसेंगच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या. कारण उघड आहे. निकाल उलटा लागला असता तर परदेशात छापलेलं पुस्तक वाचकाला देतानाही ग्रंथालयाला वकिलाला विचारावं लागलं असतं.

पण हा हक्क कागदाला आहे. पडद्यावरची पत्रिका ग्रंथालय विकत घेतच नाही. ते घेतं परवाना. कोण वाचणार, किती जण, कुठून, दुसऱ्या ग्रंथालयाला प्रत पाठवायची की नाही, हे सगळं करारात लिहिलेलं. करार नीट केला नसेल तर वर्गणी थांबली की ज्या वर्षांचे पैसे भरले तीही वर्षं दिसेनाशी होऊ शकतात. रद्दीवालासुद्धा जुने अंक घरातून उचलताना आपल्याला पैसे देतो हो!

हे मला स्वतःला कळलं ते डॉक्टरेट झाल्यावर. विद्यार्थी असताना जे हवं ते एका टिचकीवर उघडायचं, त्यामागे कुणी पैसे भरतंय हे जाणवायचंही नाही. नोकरी लागली, विद्यापीठाचं खातं बंद झालं, आणि माझ्याच निबंधासमोर तीस-चाळीस डॉलरची पाटी आली. कंपनी लहान असेल तर थाळी परवडत नाही. मग दोन मार्ग. एक, गावातल्या ग्रंथालयाकडे मागणी नोंदवायची आणि त्यांनी ती दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवून द्यायची. ही सोय इथं खरंच चांगली आहे, थोडे दिवस लागतात एवढंच. दुसरा, शनिवारी शिकागोतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन तिथल्या संगणकावर बसायचं. इथल्या बऱ्याच करारांत एक कलम असतं, की ग्रंथालयात प्रत्यक्ष चालत आलेला कुणीही माणूस तिथं बसून वाचू शकतो. त्या कलमावर माझं बरंच काम झालंय. माझ्या शेजारी कधी एखादी आजी बसलेली असते, नवऱ्याच्या आजाराबद्दल वाचत. तिला कुणी 'तुम्ही प्राध्यापक का?' असं विचारत नाही. हे कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाही म्हणायची हिंमत कुणी केली का? केली. आमच्याच राज्यातल्या सदर्न इलिनॉय विद्यापीठानं, कार्बनडेलला, २०१० च्या आसपास पैशांअभावी असे गठ्ठे सोडले. आकाश कोसळेल अशी भीती होती. पण सोडलेल्या पत्रिकांतले निबंध बाहेरून मागवण्याची मागणी अपेक्षेपेक्षा फारच कमी आली. थाळीतल्या कितीतरी वाट्यांना कुणी हातच लावत नव्हतं. नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठानं फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सव्हियरशी बोलणी तोडली, आणि दोन वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, आपल्या अटी बऱ्याच अंशी मान्य करून घेऊन नवा करार केला. तात्पर्य, गिऱ्हाईक मोठं असेल आणि उठून जायची तयारी असेल, तर दुकानदार ऐकतो.

आता कुणी म्हणेल, कशाला एवढी चर्चा, सायहबवर सगळं फुकट मिळतं की! कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या मुलीनं २०११ मध्ये ते सुरू केलं आणि भारतातल्या असंख्य विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यावर उभे राहिले हे उघड सत्य आहे. पण डिसेंबर २०२० मध्ये तीन प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. भिंतीतल्या भोकातून मिळणारं पाणी गोड लागतं, पण गावाची पाणीयोजना त्यावर आखता येत नाही.

दुसरं कुणी म्हणेल, मुक्त प्रकाशन आलंय ना? म्हणजे वाचकाला फुकट, खर्च लेखकाकडून. कल्पना चांगली. अमेरिकन सरकारनंही २०२२ मध्ये ठरवलं की सरकारी पैशातून झालेलं संशोधन लगेच सर्वांना खुलं व्हावं. पण या दुकानाच्या गल्ल्यावरही तेच मालक येऊन बसले. 'नेचर'मध्ये निबंध खुला ठेवायचा दर २०२१ साली ९,५०० युरो होता. औरंगाबादच्या किंवा नांदेडच्या प्राध्यापकानं हे कुठून आणायचे? आधी वाचायला पैसे नव्हते, आता लिहायला नाहीत.

प्रकाशकांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. जुने अंक स्कॅन करणं, शोधायची सोय, संकेतस्थळ वर्षानुवर्षं चालू ठेवणं, हे काम त्यांनी केलंय आणि ते फुकट होत नाही. लहान संस्थांना ते झेपलं नसतं. पण म्हणून शंभरातले छत्तीस?

आता आपल्याकडे येऊ. मी शिकलो ते पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात. तिथं परदेशी पत्रिकांचं एक काचेचं कपाट होतं आणि ते तपासणी समितीच्या भेटीच्या दिवशी उघडायचं. त्याआधीच्या पिढीचे लोक सांगतात की लेखकाला पोस्टकार्ड टाकून निबंधाची प्रत मागवायची, नाहीतर दिल्लीच्या इन्सडॉककडून छायाप्रत. १९५२ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी संस्था याच कामासाठी होती. म्हणजे निबंध मिळवण्याची धडपड आपल्याला नवी नाही.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० पत्रिका, ६,३०० च्या वर सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी-संशोधक. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते चालवतं. याचा मला मनापासून आनंद आहे. गडचिरोलीच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आणि आयआयटीतल्या मुलाला एकच कपाट उघडं व्हावं, ही लहान गोष्ट नाही. आणि एकेका विद्यापीठानं वेगळं भांडण्यापेक्षा अख्ख्या देशानं एकदम भाव करणं हेही शहाणपणाचं.

पण मंडळी, आहे ती थाळीच. जगातल्या सर्वांत मोठ्या थाळ्यांपैकी एक. आणि तिची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. तेव्हा १ कोटी ८० लाख लोकांना सवय लागलेली असेल. घरमालकाला हे माहीत असतं. मुलांची शाळा जवळ, सामान लागलेलं, आता भाडेकरू कुठं जातोय?

म्हणून पुढच्या करारात तीन गोष्टी हव्यात असं मला वाटतं. पहिली, ज्या वर्षांचे पैसे दिले त्या वर्षांचे अंक कायमचे आपले, आणि त्यांची एक प्रत भारतातल्या संगणकांवर. म्हणजे बोलणी फिसकटली तरी मागचं कपाट उघडं राहील आणि आपल्याला निर्धास्तपणे 'नाही' म्हणता येईल. दुसरी, कोणत्या प्रकाशकाला किती पैसे दिले याची फोड जाहीर. पैसा जनतेचा आहे, भाव कानात सांगायचं कारण नाही.

तिसरी माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची. योजनेचा हा टप्पा सरकारी संस्थांचा आहे. महाराष्ट्रातली इंजिनिअरिंगची बहुतेक मुलं खासगी कॉलेजांत शिकतात, ती बाहेर. गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर बाहेर. एमआयडीसीत वीस माणसांचा कारखाना चालवणारा बाहेर. निवृत्त शिक्षक बाहेर. पुढच्या टप्प्यांत खासगी संस्था आणि सार्वजनिक ग्रंथालयं येतील असं बोललं गेलंय. ते बोलण्यावर राहू नये. इथल्या करारांतलं ते चालत आलेल्या माणसाचं कलम आपल्या करारात घाला. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात दोन संगणक ठेवा, जो येईल त्याला बसू द्या. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालयांची यंत्रणा आहे. नवीन इमारत बांधायची नाही. कलम आणि दोन खुर्च्या, एवढंच.

कुणी हसून म्हणेल, सोलापूरच्या ग्रंथालयात 'करोजन सायन्स' वाचायला कोण येणार? कदाचित आठवड्याला एकच जण येईल. साखर कारखान्यातला, बॉयलरच्या नळ्या का गंजतात म्हणून हैराण झालेला. त्याला उत्तर मिळालं तर कारखान्याचा एक हंगाम वाचेल. आणि नाही मिळालं, तरी आपल्याच करातून भरलेल्या सहा हजार कोटींच्या दारात त्याला कुणी अडवू नये.

२०२७ फार लांब नाही. ज्यांच्या ओळखीत कुणी खासदार, कुलगुरू, ग्रंथपाल असतील, त्यांनी हे त्यांच्या कानावर घालावं. बोलणी सुरू व्हायच्या आधी मागितलं तर मिळण्याची शक्यता असते, सही झाल्यावर फक्त भाडं भरायचं असतं.